चौकशी ऑपरेटरपाशी थांबू नये

कारखान्यात स्फोट झाला की दोन-चार दिवसांत ठरलेले वाक्य छापून येते: ‘प्राथमिक चौकशीनुसार मानवी चूक.’ पाळीवरच्या एखाद्या ऑपरेटरचे निलंबन होते, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते आणि विषय मिटतो. माणूस चुकतो, हे सांगायला चौकशी समिती लागत नाही. तो त्याच वेळी का चुकला आणि ती चूक कुणाच्याच लक्षात का आली नाही, हे तिने शोधायचे असते.

अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ जण ठार आणि १८० जखमी झाले. दुरुस्तीनंतर एक विभाग पुन्हा सुरू होत होता. सुमारे १७० फूट उंच मनोऱ्यात द्रव तासन् तास भरला जात होता आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद होता. वरवर पाहता उघड निष्काळजीपणा! पण अमेरिकेचे रासायनिक सुरक्षा मंडळ एवढ्यावर थांबले नाही. पातळी मोजणारे उपकरण तळाच्या साधारण ९ फुटांपर्यंतच मोजू शकत होते. द्रव दीडशे फुटांच्या वर गेला तेव्हाही पॅनेलवर आठ फुटांच्या आसपासचा आकडा होता आणि तोही हळूहळू उतरत होता. पातळी वाढल्याचा दुसरा अलार्म वाजलाच नाही. आत किती आले आणि बाहेर किती गेले, हे एका स्क्रीनवर दिसत नव्हते. रात्रपाळीने लॉगबुकात जेमतेम एक ओळ लिहिली होती. पॅनेलवरचा ऑपरेटर तीन विभाग एकटा सांभाळत होता आणि सलग २९ दिवस १२ तासांची पाळी करत होता. मेलेले पंधराही जण कंत्राटी कर्मचारी होते.

पाळी बदलतानाची वेळ सर्वांत नाजूक. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ती माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, पंप सुरू झाला आणि १६७ माणसे गेली. कधी चूक पाळीच्याही वर झालेली असते. भोपाळमध्ये १९८४ साली वायुगळती झाली तेव्हा विषारी रसायनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा आधीपासूनच बंद होती आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअरची जोडणी सोडवलेली होती. हे निर्णय रात्रपाळीच्या कामगाराचे नव्हते.

महाराष्ट्राने हे आज वाचण्याचे कारण आहे. डोंबिवलीने मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांतले भीषण स्फोट पाहिले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती आणि जादा मोबदला या अटी आहेत, हे खरे. पण दमलेल्या डोळ्यांना पॅनेलवरचा फरक दिसण्यासाठी जादा मोबदला उपयोगी पडत नाही. कंत्राटी कामगाराच्या संमतीला किती अर्थ असतो, हे कोणत्याही एमआयडीसीत विचारावे.

उपाय महागडे नाहीत. जाणारा आणि येणारा ऑपरेटर पॅनेलसमोर एकत्र उभे राहतील, कोणते परमिट उघडे आहे आणि कोणता व्हॉल्व्ह बंद आहे हे बोलून घेतील, यासाठी पाळ्यांमध्ये पगारी वेळ ठेवावी. थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला मेमो देऊ नये. मेमो मिळाला की पुढच्या वेळी तो गप्प राहतो. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक कारखान्यांसाठी कामगारांसह सुरक्षा समिती आणि धोका कळवण्याचा कामगाराचा हक्क आला. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने समितीचे इतिवृत्त तपासताना कामगारांनी मांडलेल्या तक्रारींचे पुढे काय झाले, तेही विचारावे. प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल जनतेसमोर ठेवावा.

आणि धोकादायक रसायने हाताळणारे कारखाने सरकारने १२ तासांच्या सवलतीतून वगळावेत. त्यासाठी आणखी एका स्फोटाची वाट पाहू नये.