पांढरी किती ताणायची?

आमच्याकडं गावठाणाला पांढरी म्हणतात, रानाला काळी. पांढरीत राहायचं, काळीत राबायचं. आजोबांच्या वेळी वाड्यात एक चूल होती, आता चार झाल्या. पांढरी मात्र तेवढीच.

थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा गोठ्यातली दावण काढून तिथं फरशी बसवली, बैलं रानात पत्र्याखाली नेली. त्या खोलीला पावसाळ्यात अजून शेणाचा वास येतो. धाकट्याच्या वेळी माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरवलं.

1958 चा ग्रामपंचायत कायदा सांगतो, परवानगीशिवाय बांधू नका. म्हणून रीतसर अर्ज दिला. तर विचारलं, बाजूला मोकळी जागा किती सोडणार? अहो, भावाची भिंत तीच माझी भिंत. जागा सोडली तर खोली कुठं उरते? रानात शेतकऱ्यानं राहायला घर बांधलेलं कायद्याला चालतं, पण बँक म्हणाली, आधी बिगरशेती करून आणा. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला सवलत दिली, तीही आराखड्यात रहिवासी दाखवली असेल तरच. माझं रान दीड किलोमीटरवर.

सहा महिने अर्ज पडून राहिला. शेवटी सगळ्यांनी केलं तेच मी केलं. स्लॅब टाकला, आणि जिना घरात मावेना म्हणून पायऱ्या बोळात काढल्या.

पुढं आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ज्या बोळातून आजोबांची कडब्यानं भरलेली गाडी जायची, तिथं रुग्णवाहिका शिरेना. आईला बाजेवर घालून वेशीपर्यंत नेलं. दर चार पावलांवर कुणाची तरी पायरी, कुणाचा तरी ओटा. बाज पहिल्यांदा अडली ती माझ्याच पायरीला.

तेव्हा नियम नकोत असं मी म्हणत नाही. नियम पाहिजेतच, पण गाव बघून केलेले. माझ्या घरात मोकळी जागा मागणाऱ्यांनी बोळ कधी टेप लावून मोजला नाही. आधी बोळ मोजा, खुणा रोवा, त्यावर कुणाचाच ओटा येऊ देऊ नका, सरपंचाचासुद्धा. सामाईक भिंतीच्या घरांना त्यांच्यासारखा नियम द्या. आणि पांढरी वाढवा. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार 1966 च्या महसूल संहितेनं जिल्हाधिकाऱ्याला दिलाय. माणसं चौपट झाली, हद्द तीच ठेवली, तर माणूस बोळातच वाढणार.

माझ्या पायऱ्या मी फोडल्या. आता वर शिडीनं चढतो. मागणी करायची तर आधी आपला पाय मागं घ्यावा लागतो.