‘डिलीट’चा धंदा टाकू का? माझं उत्तर



गेल्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एका मुलाने बाजूला घेऊन विचारलं, “ताई, ट्रकचं डीईएफ बंद करून देण्याचा धंदा टाकू का? एक लॅपटॉप, एक छोटा बॉक्स, गाळासुद्धा लागत नाही. एका गाडीमागे जे सुटतं ते तुम्हाला ऑइल-फिल्टरमध्ये किती दिवसांनी सुटेल?” त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. म्हणूनच उत्तर सगळ्यांसमोर देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. मोठ्या डिझेल इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३.५ ग्रॅम होती, ती ०.४ वर आली (प्रति किलोवॅट-तास). त्यासाठी काजळी अडवणारा डीपीएफ आला आणि धुरात युरियाचं पाणी फवारून विषारी वायू मोडणारं एससीआर आलं. हे पाणी म्हणजे डीईएफ: ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपलं किंवा सेन्सर बिघडला की इंजिन आपली ताकद आपणच कमी करतं. ‘डिलीट’ म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला फसवायचं, की सगळं ठीक चाललंय.

आता ड्रायव्हरची बाजू. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, ही बाजू मी रोज ऐकते. एप्रिलमध्ये माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी आंब्याच्या पेट्या भरून वाशीला निघाली. परशुराम घाटात गाडी रांगायला लागली. डीईएफची टाकी भरलेली, बिघडला होता सेन्सर. सर्व्हिसवाले म्हणाले, पार्ट दोन दिवसांनी येईल. आंबा दोन दिवस थांबतो का? माल उशिरा पोचला, भाव पडला, भाड्यातून पैसे कापले गेले. पुढच्या आठवड्यात त्याने डिलीट मारून घेतलं आणि दुकानात येऊन मला म्हणाला, “ताई, हवा मी शुद्ध ठेवतो, हप्ता कोण भरणार?”

खरं सांगते, त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे डिलीट मारणाऱ्याला चोर म्हणणं मला जमत नाही. पण ते करून देण्याचं दुकान थाटणं ही वेगळी गोष्ट आहे.

पहिला मुद्दा पैशाचा. शंभर लिटर डिझेलला चार लिटर डीईएफ धरा, लिटरला साठ रुपये धरा. झाले २४० रुपये. डिझेलचे मात्र नऊ हजारांच्या आसपास. म्हणजे ड्रायव्हरला डीईएफ मारत नाही, गाडी उभी राहणं मारतं. डिलीटवाला हे दुखणं बरं करत नाही, दुखतंय हे सांगणारी वायर कापतो. वर गाडीची वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए प्रमाणे गाडीत बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन त्यालाच गुन्ह्यात अडकवता. असं गिऱ्हाईक दुसऱ्याला तुमचं नाव सांगेल?

“पण पीयूसी मिळते ना!” मिळते. कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही.

दुसरा मुद्दा आपल्या रत्नागिरीचा. बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला की आपण केवढे चिडतो! २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळाला तो याचसाठी. मग आरसी बुकावर बीएस-६ आणि आत ते काढून टाकलेलं इंजिन, ही तशीच पेटी नाही का? उद्या ती गाडी सेकंडहँड घेणाऱ्यालाही हे कोणी सांगणार नाही.

आणि तो धूर जातो कुठे? नाक्यावरच्या टपरीवाल्याच्या, शाळेच्या पोरांच्या आणि ड्रायव्हरच्या स्वतःच्या छातीत. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. फोक्सवॅगनने सॉफ्टवेअरने हीच फसवाफसवी केली, २०१५ मध्ये पकडली गेली. २०१९ मध्ये आपल्या हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. ती कंपनी वकील लावून लढू शकते. तुमचं दुकान कर्जावर असतं.

मग धंदा कुठे आहे? गाडी उभी राहू नये यात आहे. मी सीलबंद डीईएफ ठेवते आणि युरियाचं प्रमाण तपासायचं रिफ्रॅक्टोमीटर घेतलंय. काहीजण शेतीचा नीमकोटेड युरिया पाण्यात कालवतात आणि इंजेक्टर चोंदला की कंपनीला शिव्या घालतात. स्कॅनरवाल्या एका मेकॅनिकशी मी जोडून घेतलंय. पुष्कळदा नोझलवर नुसते खडे जमलेले असतात, कोमट पाण्याने निघतात. जास्त खपणारे दोन सेन्सर मी स्टॉकला ठेवते. पैसा अडकतो, पण तोच पार्ट दोन दिवस मिळत नव्हता हे मी विसरले नाही. आंब्याच्या गाड्यांना आता फेब्रुवारीतच तपासणीसाठी फोन करते.

यात डिलीटएवढं सुटत नाही, हे कबूल. तो जुना गिऱ्हाईकही अजून डिलीटवरच आहे. ऑइल मात्र माझ्याकडूनच नेतो. गेल्या खेपेला त्याने सहज विचारलं, “सेन्सर खरंच ठेवलाय काय गो तुझ्याकडे?” मी काढून दाखवला. घेतला नाही, पण किंमत विचारून गेला.

तुमच्या गावात कुठला पार्ट वेळेवर मिळत नाही? कमेंटमध्ये लिहा. कदाचित तुमचं दुकान तिथेच आहे.