कान पानं गाळत नाही

ऑडिओबुक ऐकणं म्हणजे वाचन नव्हेच, असं ठासून सांगणारे वाचक मला नेहमी भेटतात. हा सबंध महिना मी बहुतेक रहस्यकथांच्याच संगतीत काढला, काही वाचल्या, काही ऐकल्या, आणि या वादात माझी बाजू आता ठरली आहे. रहस्यकथेपुरतं तरी कान हा डोळ्यापेक्षा चोख वाचक आहे.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ मी पूर्वी वाचली होती, एका बैठकीत, धापा टाकत. डोळा अधाशी असतो. खून झाला की त्याला खुनी हवा असतो. खोलीत टेबल कुठे होतं, दार कसं उघडत होतं, हे आलं की तो दोन परिच्छेद ओलांडून पुढच्या संवादावर जाऊन बसतो. आता तीच कादंबरी ह्यू फ्रेझरच्या आवाजात ऐकली. ‘पॉयरो’ मालिकेत कॅप्टन हेस्टिंग्जचं काम करणारे तेच हे ह्यू फ्रेझर. त्यांना कसलीही घाई नाही. खुनाच्या खोलीतली एक खुर्ची जागची हलली होती, असं बटलर सांगतो, ते वाक्य त्यांनी अगदी आजूबाजूच्या वाक्यांसारखंच वाचलं. मी मेथी निवडत होते. जुडी तशीच राहिली, हात थांबला. पहिल्या वाचनात ही खुर्ची माझ्या नजरेखालून गेली असणारच. पण मला ती दिसलीच नव्हती. शेवट इथे फोडत नाही. मात्र तो ठाऊक असेल, तर ही कादंबरी जरूर ऐकावी. ख्रिस्तीबाईंनी शब्द न् शब्द किती तोलून ठेवला आहे, ते तेव्हा कळतं.

या पुस्तकाचं आणि कानाचं नातं जुनं आहे. कादंबरी आली 1926 मध्ये. ब्रिटनमध्ये अंधांसाठी ‘टॉकिंग बुक’ची सेवा सुरू झाली 1935 च्या नोव्हेंबरात, आणि तबकड्यांवर आलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडच्या ‘टायफून’बरोबर हीच रहस्यकथा होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज त्या खटपटीच्या मुळाशी होती. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंचवीस मिनिटांचा मजकूर मावे. एक कादंबरी ऐकायची तर दहाएक तबकड्या उलटसुलट कराव्या लागत. अंधांसाठी पुस्तक निवडताना कुणी उपदेशपर ग्रंथावरच थांबलं नाही, खुनाची गोष्टही दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. माणसाला काय हवं असतं, ते त्यांना कळलं होतं.

केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ही या महिन्यात ऐकली. ‘जाने जां’ हा हिंदी चित्रपट हिच्यावरूनच निघाला. मूळ जपानी कादंबरी 2005 ची. यात खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. पोलिसांना चकवा कसा दिला, एवढंच उलगडायचं उरतं. गणिताचा एकाकी शिक्षक इशिगामी रोज सकाळी नदीकाठाने चालत जातो, वाटेत बेघर माणसांच्या निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या लागतात, मग तो डब्याच्या दुकानात जाऊन जेवण घेतो, कारण शेजारीण यासुको तिथे काम करते. छापील पुस्तकात हे सगळं ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून आपण झरझर उरकतो. कानाला ती सोय नाही. त्याच्याबरोबर तेवढा वेळ चालावंच लागतं, आणि त्या चालण्यातच त्याचं एकटेपण अंगावर येतं. त्या वाटेवरचं काय काय पुढे उपयोगी पडतं, ते सांगणार नाही.

मात्र एक कादंबरी मी मुद्दाम कागदावर वाचली: सेइचो मात्सुमोतो यांची 1958 ची, ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ या नावाने इंग्रजीत आलेली. समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मृतावस्थेत सापडतात. प्रेमी युगुलाची आत्महत्या, असं सगळे म्हणतात. एका म्हाताऱ्या पोलिसाला तेवढं पटत नाही, कारण मृताच्या खिशात रेल्वेच्या भोजनयानाची पावती आहे आणि ती एकाच माणसाच्या जेवणाची आहे. बरोबर प्रेयसी असताना हा एकटा का जेवला? पुढे सगळा खेळ वेळापत्रकाचा. टोकियो स्टेशनच्या तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरची गाडी संध्याकाळी फक्त चार मिनिटं दिसते, एरवी मधे दुसरी गाडी उभी असते. इथे बोट ठेवून मागे जावं लागतं, आकडे ताडून पाहावे लागतात. हे काम डोळ्याचंच.

मराठीत गेल्या काही वर्षांत ऐकायची पुस्तकं पुष्कळ आली, याचा आनंद आहे. पण रहस्यकथा लावली की माझा जीव कासावीस होतो. दार करकरतं, वीज कडाडते, आणि महत्त्वाचं वाक्य आलं की खालून संगीत चढतं. रहस्यकथेचा सगळा जीव कुठलं वाक्य महत्त्वाचं ते न सांगण्यात असतो. तुम्ही व्हायोलिन वाजवलंत की धागा उघडा पडला. नभोनाट्य हा स्वतंत्र आणि सुंदर प्रकार आहे, तो जरूर करावा. कादंबरी मात्र वाचावी. पोथी वाचणारा कधी मागे ढग गडगडवत नव्हता, तरी ऐकणारे तासन् तास बसत. श्रवणाला पहिली भक्ती मानणाऱ्या भाषेला हे नव्याने सांगावं लागू नये.

आणि वाचायला काय कमी आहे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आहे, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आहे. या महिन्यात अर्नाळकरांची एक जुनी प्रत हाती आली. पान उलटलं की कडेचा तुकडा बोटाला चिकटून येत होता. भाषा मात्र ताजी. आखूड वाक्यं, चटचट संवाद, प्रकरण अचूक जागी तोडलेलं. मी त्यातली दोन पानं मोठ्याने वाचून पाहिली, आणि ती जिभेवर सहज बसली.

आमच्या इमारतीतले एक काका ऐंशीच्या पुढचे आहेत. डोळ्याच्या पडद्याचा विकार झाल्यापासून अक्षर दिसत नाही, वाचनालय सुटलं. त्यांना मी फोनवर पुस्तकं कशी लावायची ते दाखवलं. त्यांनी अध्यात्माबद्दल विचारलं नाही, इतिहासाबद्दलही नाही. “यात झुंजार आहे का गं?” एवढंच विचारलं. आम्ही शोधलं. त्यांना हवं होतं ते मिळालं नाही.

अर्नाळकरांचे वाचक आज याच वयाचे आहेत आणि थांबायला त्यांच्याकडे फार वर्षं नाहीत. प्रकाशकांनी हक्कांचा प्रश्न वारसांशी बसून सोडवावा. सुरुवातीला दहा पुस्तकं घ्यावीत, स्पष्ट उच्चारांचा एक वाचक घ्यावा, आणि प्रकरणं आहेत तशीच, एकही वाक्य न गाळता, संगीताशिवाय ध्वनिमुद्रित करावीत.