कोरा ठेवलेला रकाना



दिवाळी ते लाभपंचमी हे चार-पाच दिवस म्हणजे व्यापारी घरांची वर्षातली खरी सुटी. चोपडापूजन आटोपलेले असते, मुहूर्ताचा सौदा अद्याप व्हायचा असतो, आणि एरवी गिऱ्हाइकाच्या सवडीने जेवणारी माणसे घरच्यांसमवेत पंगतीला बसलेली दिसतात. या सुटीत आम्ही सहकुटुंब कन्येकडे अहमदाबादला गेलो होतो. नात आठ वर्षांची, नातू पाचाचा. त्यांना कोठे न्यावे यावर घरात बराच खल झाला आणि जावईबापूंनी रैयोलीचे नाव काढले. बालासिनोरजवळच्या या खेड्यात डायनासोरचे जीवाश्म उद्यान आहे. २०१९ साली तेथे संग्रहालयही उघडले. ‘एवढ्या लांब दगड पाहायला जायचे?’ असे आमचे चिरंजीव पुटपुटले खरे, परंतु नातवंडांच्या बहुमतापुढे त्यांचे काही चालले नाही. थेपले, सुखडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही सकाळीच निघालो.

वाटेत नातीने मला विचारले, “आजोबा, डायनासोर आपल्या देशात होते?”

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर. छत्तीस वर्षे बँकेत काढली. घरात कोणी काही विचारले की उत्तर द्यायचे, ही सवय अंगी मुरलेली. मी तात्काळ सांगितले, “छे, आपल्याकडे कुठले! ते सगळे अमेरिकेत. येथे त्यांच्या प्रतिकृती मांडल्या असतील.” तिने मान डोलावली. आजोबा म्हणाले म्हणजे खरेच असणार.

दोन-अडीच तासांत आम्ही पोहोचलो. संग्रहालयातील पडद्यांवरची हलती चित्रे पाहून नातू हरखून गेला. राजासोरसच्या प्रतिकृतीपुढे मात्र तो आपल्या आईमागे दडला आणि हळूच म्हणाला, “हा खिचडी खातो का?” तो इतर प्राणी मारून खात असे, हे कळल्यावर त्याने त्या दालनात पुन्हा पाऊल टाकले नाही. सूनबाई त्याला घेऊन बाहेर सावलीत बसल्या.

उरलेली मंडळी वाटाड्याबरोबर उद्यानात गेली. कुंपणाने राखलेला तो उघडा माळ, वर स्वच्छ ऊन, आणि पायाखाली करडे खडक. एका खडकावर वाटाड्याने बाटलीतले थोडे पाणी शिंपडले. ओल्या दगडात वेगळ्याच रंगाचा एक लांबट आकार उमटून आला. “हे हाड आहे,” तो म्हणाला, “येथेच जगलेल्या डायनासोरचे. सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे.” पुढे त्याने अंडी दाखवली, चेंडूसारखी गोल, दगड झालेली. गावातील बायाबापड्यांना हे दगड नित्याचेच. अशा एका अंड्याचा उपयोग मसाला वाटायला होत असल्याचेही येथे सांगतात. बालासिनोरच्या पूर्वीच्या संस्थानिक घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी या जागेच्या जपणुकीसाठी पुष्कळ खटपट केली आहे.

नातीने माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ करून म्हणालो, “म्हणजे मला असे म्हणायचे होते की, पूर्ण सांगाडे आपल्याकडे नाहीत.”

“नाही आजोबा,” ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही म्हणालात, आपल्याकडे नव्हतेच.”

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. घडले ते तिने जसेच्या तसे सांगितले. चिरंजीव मात्र तिला दटावू लागले, “मोठ्यांना असे बोलू नये.” त्या क्षणी मला पस्तीस वर्षांपूर्वीचे एक गोदाम आठवले.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. गावात मान असलेल्या एका व्यापाऱ्याला मालतारणावर कर्ज दिलेले होते. साठ्याची पाहणी करायला मी गेलो. दारापासून छतापर्यंत पोती रचलेली. नियमाप्रमाणे मधल्या व मागच्या रांगांतील पोत्यांत सळई खुपसून नमुना काढायला हवा होता. शेटजी वडीलधारे होते. त्यांनी चहा मागवला, माझ्या वडिलांची विचारपूस केली. पोती उघडा असे म्हणण्याचा मला संकोच वाटला. मी पुढची दोन पोती पाहिली आणि परतून नोंदवहीत लिहिले, ‘साठा प्रत्यक्ष तपासला.’ काही महिन्यांनी खाते बुडाले. मागच्या रांगांतून भुसा निघाला. माझी एक वेतनवाढ रोखली गेली. ते दुःख पुढे विरले. न पाहिलेल्या गोष्टीपुढे मी स्वतःच्या हाताने ‘तपासला’ हा शब्द लिहिला, याचे शल्य अद्याप आहे. घरी मी हे कधी बोललो नव्हतो.

मी चिरंजीवांना थांबवले आणि नातीला म्हणालो, “तुझेच बरोबर आहे. मला ठाऊक नव्हते, तरी मी ठाऊक असल्यासारखे सांगितले. चूक माझी.”

त्यानंतर तिचे प्रश्न थांबेनात. राजासोरसचा रंग कसा कळला? वाटाड्याने प्रांजळपणे सांगितले, “रंग कोणालाच ठाऊक नाही. प्रतिकृती घडवणाऱ्याने तो कल्पनेने दिला आहे.” हे उत्तर तिला फार आवडले. पिशवीतून वही काढून तिने मला रकाने आखायला लावले. पहिला ‘सापडले’, दुसरा ‘अंदाज’, तिसरा ‘माहीत नाही’. आयुष्यभर रकाने आखलेल्या माणसाला याहून आनंदाचे काम कोणते?

परतल्यावर तीन संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकून आम्ही दोघे शोधायला बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

राजासोरसची हाडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला १९८० च्या दशकाच्या आरंभी या परिसरात मिळाली. पूर्ण सांगाडा नव्हता. कवटीचा भाग, कंबर, मागचे पाय, शेपटी असे अवशेष होते. सुरेश श्रीवास्तव यांनी कोणते हाड कोठे व कसे पडले होते, याचा नकाशा काढून ठेवला होता. ती हाडे सुमारे दोन दशके तशीच राहिली. पुढे भारतीय आणि अमेरिकी अभ्यासकांनी त्या नकाशाच्या आधारे ती जुळवली आणि २००३ साली या प्राण्याला ‘राजासोरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळाले. लांबी प्रथम सुमारे ३० फूट मानली होती. नंतरच्या एका अभ्यासाने ती सुमारे २२ फुटांवर आणली. नातीने ३० खोडून २२ लिहिले, पण ‘अंदाज’ याच रकान्यात.

माझे ‘आपल्याकडे कुठले’ हे विधान तर दुहेरी चुकीचे ठरले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथेही एका विशाल शाकाहारी डायनासोरची हाडे मिळाली आहेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आज ‘इसीसोरस’ या नावाने ओळखला जातो. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या, त्याहून कितीतरी प्राचीन अशा ‘बारापासोरस’चे १९७५ सालचे वर्णन करणाऱ्यांतही सोहनलाल जैन होते. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय, त्यावरून हे नाव. आडनाव वाचून नात म्हणाली, “म्हणजे आपल्यातलेही हे काम करतात?” चिरंजीव शेजारीच पेपर वाचत होते. ते काही बोलले नाहीत, पण पेपर खाली ठेवून ऐकू लागले.

सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी मिळाली. बालासिनोरच्याच परिसरात ढोली डुंगरी नावाचे गाव आहे. तेथे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना अंड्यांशेजारी काही नाजूक हाडे मिळाली. ती अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या डायनासोरच्या पिलाची, असे त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. २००१ साली अमेरिकी अभ्यासक जेफ्री विल्सन यांनी तोच दगड न्याहाळला. पिलाची हाडे त्यात होतीच, पण त्यांच्याबरोबर सापाचे मणकेही होते! सुमारे साडेअकरा फूट लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला असताना, बहुधा अकस्मात आलेल्या गाळाखाली सारे गाडले गेले. २०१० साली ‘सनाजेह’ या नावाने तो साप जगापुढे आला, आणि त्या लेखाच्या लेखकांत विल्सन यांच्यासोबत स्वतः मोहबे यांचेही नाव आहे.

वाचकहो, हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. वीसहून अधिक वर्षांपूर्वी छापून आलेले आपले विधान अपुरे होते, हे मान्य करणे सोपे नाही. मोहबे यांनी ते मान्य केले आणि दुरुस्तीच्या लेखावर स्वाक्षरीही केली. त्यामुळे त्यांचा मान कमी झाला काय? माझ्या मनात तर तो दुणावला. आपल्या पेढीवर चुकीची नोंद कोणी खरवडून काढीत नाही. तिच्यावर रेघ मारून दुरुस्तीची नोंद करतात आणि खाली सही घालतात. चोपड्याची पत त्यावरच टिकते. घरात मात्र आपण वडीलकीच्या नावाखाली हा नियम पाळीत नाही. मुलांपुढे आपले प्रत्येक उत्तर ‘तपासला’ असा शिक्का घेऊनच बाहेर पडते. मग मुले एकतर विचारायचे थांबतात, किंवा न तपासता ठासून सांगण्याची आपलीच कला शिकतात. आणि उद्या त्याच कलेने गोदामे पाहतात.

परतीच्या प्रवासात ते गोदामाचे प्रकरण मी चिरंजीवांना सांगून टाकले. गाडीत काही काळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “बाबा, मला वाटायचे तुमची बढती राजकारणात हुकली.” मी म्हणालो, “तुला तसे वाटते आहे हे मला ठाऊक होते, आणि मी ते वाटू दिले.” बापलेकांत इतके सरळ बोलणे फार वर्षांनी झाले असावे.

ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी रैयोलीला अवश्य जावे. ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे, टोप्या व पाणी न्यावे, डबा घरचाच असावा. पडद्यांची दालने मुले आपली आपण पाहतात. उद्यानातील खडकांसाठी मात्र निवांत तास-दीड तास राखून ठेवावा आणि वाटाड्या सांगेल ते पुरते ऐकावे. सोबत एक वही न्यावी.

आमची वही सध्या माझ्या टेबलावर आहे. तिच्या ‘माहीत नाही’ या रकान्यात आजमितीस अकरा प्रश्न आहेत. त्यांतील चार माझ्या हस्ताक्षरात आहेत.