एस.टी.ने येणाऱ्यांचा बाजार

जळगावकराला आपले शहर दाखवायला सांगा, तो पाहुण्याला टॉवर चौक, फुले मार्केट, सराफ बाजार आणि सुभाष चौक यांतूनच फिरवील. धुळेकर आग्रा रोड आणि पाच कंदील दाखवील. गावाची ओळख त्याच्या पेठेवरून होते, ती अशी. पण अलीकडे खरेदीचे वळण बदलत चालले आहे. जळगावात इच्छादेवी चौकाच्या पुढे शिरसोली रस्त्याला डी-मार्ट आले. महामार्गाच्या कडेने मोटारींची, फर्निचरची मोठी दालने उभी राहिली. महिन्याचा किराणा एकदम भरणारे गिऱ्हाईक शहराच्या मध्यातून कडेला सरकू लागले आहे.

यावर दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक म्हणते, ही प्रगती आहे. दुसरे म्हणते, हा छोट्या व्यापाऱ्यावर घाला आहे. दोन्ही मतांत एका माणसाचा विसर पडतो. तो माणूस म्हणजे खेड्यातून एस.टी.ने बाजाराला येणारा.

बाजार आपोआप वाढतो आणि आपोआप ओस पडतो, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. 1819 साली कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळे हे खान्देशचे मुख्य ठिकाण ठरविले, तेव्हा ते लहानसे गाव होते. बऱ्हाणपुराकडच्या व्यापाऱ्यांना तेथे बोलावण्यात आले, त्यांना घरासाठी बिनभाड्याच्या जागा आणि बांधकामासाठी आगाऊ रकमा देण्यात आल्या. म्हणजे धुळ्याची पेठ सरकारी धोरणाने वसली. जळगावला रेल्वेने आणि कापसाने वाढविले. 1906 साली पूर्व खान्देश जिल्हा वेगळा होऊन जळगाव त्याचे मुख्य ठिकाण झाले, आणि कचेरीच्या कामाला आलेला माणूस त्याच फेरीत बाजारही करू लागला. कचेरी, दवाखाना, दाणा बाजार, सराफ बाजार, सारे एका तिकिटात! मध्यवर्ती पेठेचे खरे मोल या एका फेरीत आहे.

तरीही जुन्या पेठेचे केवळ गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. "पेठेत माणुसकी होती" असे आपण म्हणतो. पण ती सर्वांना सारखी मिळत होती काय? कापड दुकानात गादीवरचा शेठ गिऱ्हाइकाचे कपडे पाहून कोणता गठ्ठा सोडायचा ते ठरवी. भारी लुगडे नुसते पाहायला मागण्याची माझ्या आजीची छाती झाली नसती. नव्या दालनात किंमत चिठ्ठीवर छापलेली असते, माल हाताळून परत ठेवता येतो, गाव-आडनाव कोणी विचारीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आपल्या घरातल्या कोणाला तरी ती चिठ्ठी वाचता येते, याचे मोल आमच्या आईला विचारावे. शिवाय मोठ्या दालनात बाईमाणसासाठी स्वच्छतागृह असते. खेड्यातून पहाटे निघून दिवसभर पेठेत फिरणाऱ्या बाईने कोठे जावे, याचा विचार आपल्या किती बाजारांनी केला आहे?

पण कडेच्या दालनाला एक अट आहे; ती कोठे लिहिलेली नसते इतकेच. तेथे जायला स्वतःचे वाहन हवे, नाही तर रिक्षाचे भाडे हवे. हातात रोख पैसा हवा. आमच्याकडे पैसा कापूस विकला की येतो, केळीचा घड कापला की येतो. आषाढात घरात पैसा नसतो, तेव्हा वहीत नाव लिहून साखर-तेल देणारा पेठेतला दुकानदारच असतो. तो उधारीचा भाव थोडा चढाच लावतो, हे खरे. पण चूल पेटते.

आता असे घडते आहे की ज्याच्याकडे वाहन आणि रोख पैसा आहे ते गिऱ्हाईक पेठेतून उठते. मग दुकानदाराला चार प्रकारचा माल ठेवणे परवडत नाही. निवड घटते, भाव चढतो. शेवटी सर्वांत गरीब माणसाला कमी निवडीचा माल जास्त भावाने घ्यावा लागतो. माझा आक्षेप आहे तो येथे.

हा अनुभव जगाने आधीच घेतला आहे. अमेरिकेत 1956 साली मिनिआपोलिस शहराजवळ साउथडेल हे छपराखालचे बाजारसंकुल निघाले. ते आखणारे व्हिक्टर ग्रूएन यांनीच पुढे मोटारतळांनी वेढलेल्या अशा संकुलांशी आपले नाते नाकारले. इंग्लंडमध्ये 1980 च्या दशकात डडली गावाजवळ मेरी हिल हे प्रचंड संकुल झाले आणि गावातली मोठी दुकाने तिकडे निघून गेली. अखेर 1996 साली तेथील सरकारने धोरण ठरविले: मोठ्या दुकानासाठी आधी गावाच्या मध्यात जागा शोधा, नंतर कडेला, आणि नाइलाज झाला तरच गावाबाहेर.

आपल्याकडे हे अशक्य आहे काय? जळगावात खान्देश मिलच्या जुन्या जागेवर, स्टेशनाजवळच, खान्देश सेंट्रल उभे राहिले. मोठे दालन मध्यभागीही होऊ शकते, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा आहे. उलट महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील अनेक गाळ्यांचे करार 2012 साली संपले आणि भाड्याचा व नूतनीकरणाचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. उद्या गाळा आपला राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो दुकानदार दुकान सुधारण्यासाठी पैसा कशाला घालील?

म्हणून बाहेरच्या दालनांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. पेठ चालण्याजोगी करा, एवढेच म्हणते. फुले मार्केट असो की आग्रा रोड, तेथे बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असावे. वाहने कडेला लावून माणसाला पायी फिरता यावे. हातगाडीवाल्यांना 2014 च्या कायद्याप्रमाणे ठरलेली जागा मिळावी, म्हणजे रोजची पळापळ थांबेल. गाळ्यांचे करार स्पष्ट असावेत. आणि दुकानदारांनीही किंमत चिठ्ठीवर लिहावी, गिऱ्हाइकाचे कपडे पाहून बोलू नये.

आपण विद्यार्थी उद्या नोकरीला लागू, दुचाकी घेऊ, कदाचित मोटारही घेऊ. तेव्हा आपली पावले, किंबहुना आपली चाके, शहराच्या कडेला वळतील. त्याला माझी हरकत नाही. परंतु आखाजीच्या आदल्या दिवशी भरलेली पिशवी डोक्यावर घेऊन शेवटची एस.टी. गाठणारी जी माणसे आहेत, ती आपलीच आहेत. त्यांच्या बाजाराचे काय करायचे, हे आज नगरपित्यांना विचारले नाही, तर उद्या विचारण्याची आपल्याला गरजही वाटणार नाही.

— द्वितीय वर्ष कला