सायकलीचे डवरे

ज्याच्या दारी बैलजोडी उरली नाही, अशा आपल्या बुलढाणे जिल्ह्यातील लहान कास्तकारास निंदण-डवरणीचा खर्च झेपत नाही. खेड्यांतील कारागिरांनी त्यावर नामी तोड काढिली आहे. मोडक्या सायकलीचे पुढील चाक, चिमटा व हँडल तेवढे ठेवावयाचे. मागे लोखंडी सांगाडा जोडून त्यास फास बसवावयाची. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याची फास लवकर बोथट होत नाही. ती फार उभी बसल्यास मातीत रुतते व ढकलणाऱ्याचा दम निघतो. म्हणून पट्टीस तीन-चार भोके पाडून तिचा उतार बदलण्याची सोय ठेवावी. काटकोन तपासण्यास गुण्याही नको. कोपऱ्यापासून एका बाजूस ३०, दुसरीस ४० सेंटिमीटर मोजावे. तिरपे अंतर ५० भरले की झाले!

हाच सिद्धांत आमचे विद्यार्थी वहीत दहादा उतरवितात. परंतु मुलाचे हात काळे झालेले कित्येक पालकांस खपत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचेच दुकान मांडिले होते. लोखंडी नांगर मागाहून आले. शाळेने दोन मोडक्या सायकली आणवाव्या व येत्या मृगापूर्वी नववीच्या वर्गाकडून डवरे करवून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. जोडकाम मात्र जाणत्या कारागिराने, डोळ्यांपुढे काळी काच धरूनच करावे.