टाचेतला रक्ताचा थेंब आणि ऑटिझम

घरातलं मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही, नजर देत नाही, डॉक्टर ऑटिझम म्हणतात. मग कोणीतरी सांगतं, "जपानमध्ये रक्त तपासून हे बरं करतात." तसं नाही. तिथं काय होतं ते नीट समजून घ्यावं.

जपानमध्ये १९७७ पासून देशभर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतात, बाळ चार-सहा दिवसांचं असताना. आपल्याकडे म्हणाल तर ब्रिथ मिलाच्याही आधी. शोधतात तो ऑटिझम नव्हे, तर शरीरातल्या रसायनांचे जन्मजात आजार. त्यातला एक पीकेयू. दूध, डाळ, मासळी यांच्या प्रथिनांतला फिनाइलअ‍ॅलनीन हा घटक या बाळांच्या रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. जन्मतः मूल छान दिसतं. उपचार झाले नाहीत तर बुद्धी मागे पडते, आकडी येते, आणि काहींचं वागणं थेट ऑटिझमसारखं होतं. पहिल्या आठवड्यांत खास दूध आणि मोजून आहार सुरू केला तर बहुतेक नुकसान टळतं. तिसऱ्या वर्षी केलं तर गेलेलं सगळं परत येत नाही.

१९९९ मध्ये तोहोकू विद्यापीठाचे डॉ. शिगेओ कुरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही पीकेयू मुलांत बीएच-४ दिल्यावर हा घटक उतरतो. हेच औषध जपानमध्ये ऑटिझमच्या मुलांनाही देऊन पाहिलं होतं, पण ते ऑटिझमचं औषध ठरलं नाही.

मला जपानची दुसरी गोष्ट जास्त आवडते. सुरुवातीच्या यादीत हिस्टिडिनेमिया होता. त्यानं बुद्धी मंदावते असा समज होता, म्हणून मुलांना आहाराचं पथ्यही लावलं. पुढं कळलं, बहुतेकांना त्याचा त्रासच होत नाही. मग तो यादीतून काढला. चूक कळल्यावर तपासणी बंद करणं सोपं नसतं हो!

आता आपलं. हे आजार बहुधा दोन्ही बाजूंनी दोष आला तरच होतात. आईबाप दोघंही धडधाकट, तरी प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आपल्यात पूर्वी नात्यात सोयरिकी होत. म्हणून सुनेला बोल लावू नका.

ऑटिझमच्या फार थोड्या मुलांत असा आजार सापडतो. पण शिकलेलं विसरत चाललंय, आकडी येते, तापात किंवा उपाशीपोटी मूल सुस्त पडतं, उलट्या होतात, लघवीला विचित्र वास येतो, असं काही दिसलं तर चयापचयाच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याआधी इंटरनेटवरच्या महागड्या पावडरी नकोत.

इस्राएलमध्ये नवजात बाळांची तपासणी होते. गोव्यानं २००८ मध्ये सुरू केली, पण भारतात अजून ती देशभर सक्तीची नाही. इथं नातवंड होणार असेल तर प्रसूतीआधीच हॉस्पिटलात विचारून ठेवा, आणि अहवालाचा कागद जपून ठेवा.